शरदिनीच्या आईचं नाव

दूधविनायक, काशी
१४ जुलै १९३५

ती. कालिंदीताईस बकुळचा नमस्कार.

तुझ्या सांगण्यावरून आमच्या खालच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग सुरू केला, आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. गल्लीतलीच सात मुलं येतात. तू मुंबईहून बालशिक्षणाचं शिकून आलीस. इंदूरच्या तुझ्या शाळेत म्हणे टेबलखुर्च्यासुद्धा मुलांच्या मापाच्या आहेत. मी मात्र अण्णांच्या पुढ्यात मांडी घालून शिकले. त्यांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा म्हणायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. खेळातून शिकताना मी कधी कुणाला पाहिलेलं नाही. जे आपण पाहिलं नाही ते दुसऱ्यांच्या मुलांवर करून बघावं का?

अण्णांनी परवानगी दिली, पण टोमणा मारूनच. म्हणाले, "खेळून विद्या येत असती तर घाटावरची माकडं एव्हाना घनपाठी झाली असती." वर त्यांचे विद्यार्थी संथा म्हणतात, खाली माझी मुलं लाखेचे हत्ती-घोडे आपटतात. काल वरून काठीचे ठोके आले. ढुंढिराज नावाचा माझा एक पाच वर्षांचा पहिलवान आहे. त्याने वर तोंड करून आवाज दिला, "कौन है? अंदर आइए!" वरची संथा क्षणभर थांबली आणि अण्णा हसल्याचं ऐकू आलं.

मुलं घरी मराठी बोलतात, पण खेळायला लागली की हिंदी. मी टोकावं की नाही?

आणि एका मुलीबद्दल विचारायचं आहे. शरदिनी. वेणीदादाची. तू लहानपणी इथे राहायला यायचीस तेव्हा वेणीमाधव म्हणून अण्णांचा एक विद्यार्थी होता, तोच. आता तो स्वतः संस्कृत शिकवतो. शरदिनी येते, चौकातल्या खांबाला टेकून बसते आणि बघत राहते. खेळणं हातात दिलं तर मांडीवर ठेवते. जाताना ते जागच्या जागी ठेवून जाते. बायका म्हणतात, केवढी शहाणी पोर! मला ती शहाणी वाटत नाही, पाहुणी वाटते. आई तिची बाळंतपणाला ग्वाल्हेरला गेली आहे, असं आहे. घरी वेणीदादाची मोठी बहीण, अन्नपूर्णाआत्या, तिचं सगळं करते.

माझ्याकडून काही चुकत असेल तर स्पष्ट लिही. गोड करून लिहू नकोस.

तुझी
बकुळ


इंदूर
२५ जुलै १९३५

चि. बकुळ, आशीर्वाद आणि एक चापट.

चापट अशासाठी, की तुझ्या पत्रात वाक्यं कमी आणि काळज्या जास्त. मापाच्या टेबलखुर्च्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. मुलं त्यांच्यावर बसत नाहीत, त्या उलट्या करून आगगाडी करतात.

तू एक कर. पूर ओसरला की घाटावर गाळ साचतो, तो आणून मुलांपुढे ठेव. मग भिंतीशी जाऊन बस. काय करायचं ते सांगू नकोस, काय केलं ते विचारू नकोस, आणि चुकलं तर सुधारू नकोस. हे शेवटचं तुला फार जड जाणार. शास्त्र्यांची मुलगी तू. कुणी ऱ्हस्वाचं दीर्घ म्हटलं तरी तुझ्या पोटात दुखतं. दुखू दे. तू गप्प बसलीस तरच तुला मुलं ऐकू येतील.

हिंदीत खेळतात तर खेळू देत. नावाडी काय मराठीत ओरडतो? मुलं जे बघतात तेच खेळतात, आणि ज्या भाषेत बघतात त्याच भाषेत.

त्या शरदिनीला आईची आठवण येते, दुसरं काय! तिच्याकडून एक चित्र काढून घे आणि ग्वाल्हेरला पाठव. आईचं उत्तर आलं की पोर खांब सोडून उड्या मारू लागेल. बाळ केवढं झालं तेही कळेल. आणि बाळंतपणाला गेलेली बाई आज ना उद्या घरी येतेच. तोवर धीर धर.

मावशीला आणि अण्णांना नमस्कार. माकडांनाही.

कालिंदी


दूधविनायक, काशी
६ सप्टेंबर १९३५

ती. ताई,

उत्तराला फार उशीर झाला. गंगा यंदा पायऱ्या चढून गल्लीच्या तोंडाशी आली होती, वर्ग बंद होता. पण खरं कारण ते नाही.

शरदिनीची आई नाही गं. गेल्या वर्षी आषाढात, ग्वाल्हेरलाच, बाळंतपणात ती गेली आणि बाळही गेलं. पोरीला कुणी सांगितलेलं नाही. तिला वर्गात घातलं त्या दिवशी अन्नपूर्णाआत्याने मला दाराआड नेऊन बजावलं, "बकुळे, पोरीने विचारलं तर ग्वाल्हेर. लोकांनी विचारलं तरी ग्वाल्हेर. तुझ्या तोंडून दुसरं काही निघालं तर ती उद्यापासून येणार नाही." म्हणून मी तुलाही तेच लिहिलं. मग तुझं ते चित्र पाठवण्याचं वाचलं आणि पुढे हातच चालेना.

आता जे झालं ते ऐक.

पाणी उतरल्यावर राजा घाटाच्या पायऱ्यांवर गाळच गाळ होता. घमेलं भरून आणला, चौकात ठेवला आणि तू सांगितलंस तशी भिंतीशी बसले. आधी पेढे झाले, मग लाडू, मग माकडं. मग ढुंढिराजने कोपऱ्यातली माझी छत्री उघडून खांबाला बांधली, खाली पाट मांडला आणि घाटिया होऊन बसला. घाटावर छत्रीखाली बसून यात्रेकरूंचे संकल्प आणि पिंडदान करवतात ना, तसा. मुलं येता-जाता रोज तेच बघतात. "आइए बाबूजी, कहाँ से आए? कलकत्ता? बैठिए, बैठिए. हाथ में जल लीजिए. किसके नाम से?" कुणी आजोबांच्या नावाने गाळाचा गोळा ठेवला, कुणी पणजीच्या. एकाने तर मेलेल्या पोपटाच्या. "गोत्र बोलिए." "तोता." "ठीक है. दच्छिना निकालिए!" मी पदर तोंडावर धरून हसत होते. सुधारलं काही नाही, ताई, तुझी शपथ.

मग शरदिनी उठली. खांब सोडून ती पहिल्यांदाच उठली. ढुंढिराजपुढे बसली, दोन्ही हातांनी गोळा वळला, खाली गवताची काडी ठेवली आणि तिच्यावर तो गोळा ठेवला.

"किसके नाम से?"

"आईच्या."

त्या खेळात तोवर कुणी मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता. इतर मेलेल्यांचा खेळ मुलं हिंदीत खेळत होती.

ढुंढिराज म्हणाला, "आई नाम नहीं होता. असली नाम बोलिए."

तिने विचार केला. मग माझ्याकडे वळली. "अक्का, माझ्या आईचं नाव काय?"

तिला नाव माहीत नाही. असणार कुठून? नवरा बायकोचं नाव घेत नाही, नणंद 'अगं' म्हणून हाक मारायची, आणि ती गेल्यापासून त्या घरात तिच्याविषयी कुणी बोलतच नाही. मला माहीत आहे. सीता. अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी काय बोलले असेन? "अगं, जिवंत माणसाच्या नावाने पिंड देत नाहीत." नियम मोडताना दिसला की तो सांगायचा, मला एवढंच शिकवलेलं आहे ना!

ती म्हणाली, "मला माहीत आहे. नाव सांगा."

मी काही बोलायच्या आत अन्नपूर्णाआत्या दारात उभी. पिंड पाहिला, छत्री पाहिली. "शिव शिव! मुलीच्या जातीने पिंड? आणि तोही पितृपक्षाच्या तोंडावर? हेच का तुझं शिकवणं?" तिने पोरीला हाताला धरून नेलं. मी घाबरले आणि सगळा गाळ मोरीत ओतला.

शरदिनी अजून येते. खांबाशी बसते. पण आता बघतसुद्धा नाही, डोळे मिटून घेते.

अविधवा नवमीला वेणीदादाकडे श्राद्ध आहे. सवाष्ण गेलेल्या बाईचं त्याच दिवशी करतात. अण्णाच ते चालवायला जातील. पोरीच्या दृष्टीस काही पडू नये म्हणून तिला दिवसभर माझ्याकडे ठेवायचं ठरलं आहे. ती पुन्हा नाव विचारणार. सांगितलं तर तिला माझ्याकडून काढून नेतील, आणि मग तिच्याजवळ बसायला कुणीच राहणार नाही. नाही सांगितलं तर तिला जे कळलेलं आहे त्याच्यासह ती एकटीच राहील. मी काय करू?

बकुळ


इंदूर
११ सप्टेंबर १९३५

बकुळ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला. चित्र पाठव म्हणून लिहिलं मी! बाळ केवढं झालं म्हणून विचारलं!

तुला एक सांगते. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, हे तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नसेल. मला सांगितलं होतं की आई देवाघरी गेली. आमच्याकडे देवघर होतं. मी कितीतरी दिवस माझं ताट घेऊन देवघरात जेवायला बसत असे. सगळ्यांना वाटलं, पोर भाविक आहे. अजून नातेवाईक कौतुकाने सांगतात, आणि मी हसून ऐकते.

मी ज्या वर्गात शिकले तिथे गाळाचं शिकवलं, रंगांचं शिकवलं, ठोकळ्यांचं शिकवलं. पिंडाचं कुणी शिकवलं नाही. तेव्हा ही आज्ञा समजू नकोस, माझं मत समज. पोरीला तू काही सांगायचं उरलेलंच नाही. तिनेच तुला सांगितलं. ऐकायचं राहिलं आहे ते तिच्या बापाने. वेणीमाधवकडे जा. जे पाहिलंस तेवढंच सांग, आपल्या पदरचा एक शब्द घालू नकोस, उपदेश तर मुळीच नको.

आणि गाळ परत आण. तो मोरीत ओतलास तो मात्र गाढवपणा केलास. तूच म्हणालीस ना, गोड करून लिहू नकोस.

कालिंदी


दूधविनायक, काशी
१६ सप्टेंबर १९३५

ती. ताई,

काल गेले. वेणीदादा पोथी बांधत होता. जे झालं ते झालं त्या क्रमाने सांगितलं. "मला माहीत आहे, नाव सांगा" इथपर्यंत आले तेव्हा त्याने बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मग म्हणाला, "तुझ्याकडे सगळा खेळच ना? मग खेळ म्हणून सोडून दे."

"तिने पुन्हा विचारलं तर?"

"विसरेल. मुलं विसरतात."

"वर्ष उलटलं, दादा. ती विसरलेली नाही."

"तू तिची आई आहेस का?"

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. वाटलं, वर्ग बंद कर म्हणतील. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग विचारलं, "पिंड ठेवताना बसली होती कुठे तोंड करून?"

मी आठवून पाहिलं. "दक्षिणेकडे."

"कुणी सांगितलं तिला?"

"कुणी नाही. बघून."

"हं. वरच्या माझ्या पोरांना ओरडून सांगावं लागतं." अडकित्ता खाली ठेवला. "वेणीला मी काही बोलणार नाही, बकुळ. श्राद्ध कसं करायचं ते मी यजमानाला सांगतो. रडायचं कसं ते नाही सांगत."

मी असं ठरवलं आहे. नाव मी सांगणार नाही, ते सांगायचा हक्क माझा नाही. पण ग्वाल्हेरही यापुढे माझ्या तोंडून निघणार नाही. विचारलं तर म्हणेन, मला माहीत आहे, पण ते तुला बाबांनी सांगायचं आहे. यावर आत्या तिला नेणार असेल तर नेऊ दे. ठरवलं खरं, पण रात्रभर वाटत राहिलं की यात धीटपणा किती आणि अंग काढून घेणं किती, तेच मला कळत नाही.

गाळ आणला. भोसले घाटावरून. तिकडचा जास्त मऊ निघाला.

बकुळ


दूधविनायक, काशी
२४ सप्टेंबर १९३५

ती. ताई,

नवमी झाली. सगळं सांगते. मधलं काही गाळलं तर मलाच चैन पडायचं नाही.

पितृपक्षामुळे घरोघर गडबड. वर्गाला शरदिनी आणि ढुंढिराज दोघंच. गाळ चौकात होता. ती खांबाशी गेली नाही, सरळ गाळाशी बसली, आणि बसल्या बसल्या विचारलं, "अक्का, नाव?"

मी ठरवलं होतं ते बोलले. ती म्हणाली, "बरं," आणि गोळे वळायला लागली. मला वाटलं होतं, रडेल, हट्ट करेल. ती नुसती वाट बघायला लागली.

उन्हं वर आली तेव्हा वेणीदादा गंगेवरून ओलेत्याने परतत होता. सोवळ्यात, हातात पाण्याचा कलश. आमच्या दाराशी थांबून त्याने वर हाक मारली, "अण्णा, निघताय ना?" शरदिनी उठून दाराकडे धावली.

"शिवू नकोस! सोवळ्यात आहे."

तिने लगेच दोन्ही हात पाठीमागे घेतले. चिखलाचे हात. तशीच उभी राहून म्हणाली, "बाबा, आईचं नाव काय? अक्काला माहीत आहे. पण ती म्हणते, तुम्ही सांगायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ताई, ती नजर मी लिहू शकत नाही. मला वाटलं, संपलं. आता हिला घेऊन जाईल आणि ही मला पुन्हा दिसायची नाही. अण्णा जिना उतरून अर्ध्यावर थांबले होते.

वेणीदादाने कलश पायरीवर ठेवला. ओठ हलले, पण मला ऐकू आलं नाही.

मागून ढुंढिराज म्हणाला, "क्या? ज़ोर से बोलिए!"

"सीता," वेणीदादा म्हणाला. मोठ्याने. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, संकल्पात घेतलं असेल. नुसतं नाव, हाक मारावी तसं, त्याने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा घेतलं.

"सीता," शरदिनी म्हणाली. जरा थांबून, "ग्वाल्हेरला पण सीताच?"

"नाही. ग्वाल्हेरला तिला चिमी म्हणत. माहेरी."

"चिमी!" ती हसली. ती हसते कशी ते मला ठाऊकच नव्हतं; हसताना तिचं नाक आक्रसतं. वेणीदादाही हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. तो खाली बसला, तिच्या उंचीला आला.

"ती मेली ना?"

"हो."

"बाळ पण?"

"हो. बाळ पण."

"त्याचं नाव काय?"

"त्याचं नाव ठेवायचं राहिलं, बेटा."

तिने पाठीमागचा हात पुढे काढला आणि त्याच्यापुढे धरला. काही मागायला नव्हे, नुसता धरला. वेणीदादाने तो धरला. गाळ त्याच्या बोटांतून मनगटावर ओघळला.

तेवढ्यात गल्लीतून अन्नपूर्णाआत्या लगबगीने आली. "वेणी! अरे सोवळं! स्वयंपाक झालाय, ब्राह्मण येऊन बसलेत, आणि हे काय करून ठेवलंस? आता पुन्हा आंघोळ करावी लागेल!"

"करतो," तो म्हणाला. "आम्ही दोघं करून येतो."

"दोघं? आणि पोरीला घेऊन घरी येणार तू? आज?"

"हो. आज."

त्याने कलश तिथेच ठेवला आणि पोरीचा हात न सोडता घाटाकडे वळला. ती चालता चालता त्याला काहीतरी विचारत होती. तो वाकून उत्तर देत होता. दोनदा तर चालायचा थांबला.

आत्या माझ्यावर तुटून पडेल म्हणून मी उभी होते. तिने मला विचारलं, "काय विचारत होती ती?"

"नाव."

आत्याने पदराने तोंड पुसलं. ती दोघं वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग जिन्यात उभ्या असलेल्या अण्णांना म्हणाली, "विष्णुकाका, तुम्ही पुढे व्हा आणि ब्राह्मणांना सांगा, थोडा वेळ लागेल. वेणी लेकीला घेऊन नदीवर गेलाय."

तुझी
बकुळ